तहखान्याची तराई

आमच्या गल्लीत लोणच्याला बुरशी आली तर कोणी ते परस्पर फेकत नाही. आधी बरणी चेतनाताईंकडे जाते. ताई चष्मा कपाळावर चढवतात, बरणी उजेडाकडे धरतात आणि चौकशीला बसतात. कैऱ्या धुतल्यावर वाळवल्या होत्या का, तेल वरपर्यंत होतं का, ओला चमचा कोणी घातला. या शेवटच्या प्रश्नाला प्रत्येक घरातून सुनेकडेच बोट जातं. मागच्या वर्षी समोरच्या मिश्राइनना ताईंनी भर दारात सांगितलं की सून निर्दोष आहे, बरणीच ओली होती, आणि बरणी तर तुम्हीच धुतलीत म्हणता. तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या सुना ताईंना वाकून नमस्कार करतात. सासवाही करतात, पण जरा कमी वाकून.

डॉ. चेतना हरदीकर. मूळच्या सांगलीच्या, वय अडुसष्टच्या पुढे, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी. लखनौच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत त्यांनी उभा जन्म बुरशीचा अभ्यास केला. यजमान सुश्रुत हरदीकर रेल्वेत इंजिनियर, मानक नगरच्या कॉलनीत सरकारी बंगला. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे सगळे पुण्याला नाहीतर नागपूरला गेले, जे राहिले त्यांनी सरोजिनी नगरकडे प्लॉट घेतले. या दोघांनी मात्र गणेशगंजच्या आमच्या गल्लीत एक म्हातारं घर घेतलं, कारण सुश्रुतरावांना त्याचा तहखाना, म्हणजे तळघर, आवडला. मे महिन्यात वर चुलीसारखं तापलेलं असताना खाली माठातल्यासारखं गार. इथले जुने लोक दुपारी खालीच झोपत. सुश्रुतराव चार उन्हाळे तिथे सुखाने घोरले आणि पाचव्या हिवाळ्यात हार्ट अटॅकने गेले. राहिल्या चेतनाताई, घर आणि तहखाना.

मी शेजारीण, मृणाल. माहेर अमरावतीचं, नोकरी केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात. म्हणजे दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे बघायचा मला पगार मिळतो. संध्याकाळी तेच काम मी बिनपगारी करते. ताईंची आणि आमची भिंत एक आहे, त्यामुळे कामाला जायला लांब पडत नाही.

तर या भिंतीतून यंदा एप्रिलअखेरीपासून खोकला ऐकू यायला लागला. कोरडा, चिवट, पहाटे सुरू झाला की चहा उकळेपर्यंत थांबायचा नाही. ताईंनी आधी धुळीवर ढकललं, मग माझ्या फोडणीवर. शेवटी त्यांचा मुलगा निनाद फोनवरच्या खोकल्याने हैराण झाला आणि त्याने पुण्यात बसून इथल्या एका डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टरांनी छाती ऐकली, दम्याची सुरुवात म्हणाले, आणि विचारलं की घरात सीलन, म्हणजे ओल, आहे का. ताई खोटं बोलत नाहीत हा त्यांचा जुना आजार. त्यांनी तहखान्याचं सविस्तर वर्णन केलं. जुन्या पातळ लखौरी विटांची जमीन, विटांतून वर येणारी ओल, भिंतीला कमरेपर्यंत फुटलेला शोरा, म्हणजे पांढरा खार, आणि कोपऱ्यात कोणकोणत्या जातीची बुरशी आहे ते. डॉक्टरांनी पुढचं ऐकून न घेता सांगितलं की हे घर सोडा, नाहीतर ही ओल घालवा.

निनादला एवढंच हवं होतं. मुलगा वाईट नाही हो. उलट इतका काळजीवाहू की आईला रोज दोनदा फोन करून जेवलात का विचारतो. लखनौत वाढल्यामुळे त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. म्हणजे मुलगा पुण्यात राहून हिंदी बोलतो आणि आई लखनौत राहून मराठी. मी हे त्याला तोंडावर ऐकवलेलं आहे. त्याने अट घातली: मी जूनमध्ये येतोय, तोवर तहखाना कोरडा झाला तर ठीक, नाहीतर घर विकायला काढायचं आणि तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला यायचं. खोली तयार आहे, अकराव्या मजल्यावर, हवा एकदम साफ.

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ तुळशीतला काडीकचरा वेचत बसल्या. मग मला म्हणाल्या, "मृणाल, तिथे मी निनादची आई असेन आणि श्रुतीची सासू. चांगलंच आहे ते. पण दिवसभर ते दोघं ऑफिसात. मी काय अकराव्या मजल्यावरून साफ हवा बघत बसू?"

मी म्हटलं, ताई, तिथे लोणच्याला बुरशी येत नाही, लोणचं विकत आणतात. त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

दुसऱ्या आठवड्यात राजाराम मिस्त्री आला. शहराबाहेरच्या बख्शी का तालाबकडचा माणूस, घरी थोडी शेती, हातात करणी आणि तोंडात अखंड बडबड. त्याने तहखान्यात उतरून पायाने जमीन चाचपली. जमीन कसली, वाळवणाची चादर वाऱ्याने उडावी तशी लाट. सुश्रुतरावांच्या खाटेच्या एका पायाखाली दोन विटा होत्या आणि तरी ती डुलत असे. ते म्हणायचे, रेल्वेत झोपल्यासारखं वाटतं.

राजारामने बेत सांगितला. जुन्या विटा उपटायच्या, खाली खोदायचं, विटांचे तुकडे अंथरून ठोकून ठोकून बसवायचे, वर वाळू, वाळूवर जाड काळं प्लास्टिक, त्याच्या कडा भिंतीला वर वळवून चिकटवायच्या, आणि मग वरून काँक्रीट. जमिनीतली ओल प्लास्टिकला डोकं आपटून परत जाईल. ताईंनी सगळं मान हलवत ऐकलं आणि शेवटी एकच सूचना केली. फरशीला कोपऱ्याकडे थोडा ढाळ ठेवा.

"ढाल काहे के लिए?" राजारामने विचारलं.

ताईंनी सांगितलं, धुवायला. बादलीभर पाणी ओतून खराट्याने फरशी धुतली की पाणी कोपऱ्यात जायला हवं.

राजाराम करणी खाली ठेवून बसलाच. त्याचं म्हणणं, पाणी येऊ नये म्हणून तुम्ही एवढा खटाटोप करताय, आणि नंतर स्वतःच्या हाताने पाणी ओतणार? इथे लोक ओला पोछा मारतात आणि जमीन चमकते. ताईंचं म्हणणं, पोछा म्हणजे घाण इकडून तिकडे नेणं. पन्नास वर्षं उत्तर प्रदेशात काढली, पण बादली ओतल्याशिवाय जमीन धुतली असं मानायला त्यांचं सांगलीचं मन तयार नाही. माझ्या अमरावतीच्या मनालाही ते पटतं, पण मी राजारामची बाजू घेतली, कारण भांडण लवकर संपलं असतं तर मला ऑफिसला जावं लागलं असतं.

शेवटी ताई हरल्या. निनादची अट आठवली असावी. फरशी सपाट, अगदी थाळीसारखी, असं ठरलं. आणि ती सपाट करायच्या दिवशी मला कामाला जुंपलं गेलं. पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असते. तिचं एक टोक राजारामच्या हातात, दुसरं माझ्या. दोन्ही टोकांतलं पाणी आपोआप एका पातळीला येतं, आणि त्यावरून भिंतीवर खुणा करत जायचं. मी नळी धरून कोपऱ्याकोपऱ्यात उकिडवी बसत होते आणि राजाराम ओरडत होता की दीदी, हसू नका, पाणी हलतं. वर पायरीवर बसून ताई आम्हा दोघांवर देखरेख करत होत्या. खोकल्याची उबळ आली की वर जायच्या, ओसरली की परत यायच्या. खोदकामाची धूळ उडत होती, त्यांना खाली यायला बंदी होती, पण सुश्रुतरावांची खाट जिथे होती तिथली पातळी त्यांनी राजारामकडून दोनदा तपासून घेतली.

काँक्रीट पडलं. सुंदर झालं. राखाडी, गुळगुळीत, गोटी ठेवली तर जागची हलू नये असं. मग राजारामने कडेला मातीचे छोटे बांध घातले आणि तहखान्यात पाणी सोडलं. याला इथे तराई म्हणतात. ओलं काँक्रीट पटकन वाळलं तर तडकतं, म्हणून आठवडाभर तरी त्यावर बोटभर पाणी साठवून ठेवायचं. म्हणजे जी फरशी जन्मभर कोरडी ठेवायची, तिला आधी पाण्यात बुडवायचं. राजाराम म्हणाला, बच्चे को भी तो पहले नहलाते हैं. आणि गावी निघून गेला.

त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी निनाद आला. जूनमध्ये यायचं होतं, मे संपायच्या आत आला. आईला सरप्राइज. मी ताईंकडे चहाला होते, ते योगायोगाने. म्हणजे त्यांच्या दारात टॅक्सी थांबलेली मी खिडकीतून पाहिली आणि योगायोगाने साखर मागायला गेले.

त्याने बॅग खाली ठेवली, आईच्या पाया पडला, आणि सरळ तहखान्याच्या पायऱ्या उतरला. आम्ही त्याच्या मागे. झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती आणि खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाणी चमकत होतं. छतावर त्याचे कवडसे हलत होते. दिसायला इतकं देखणं की मला होडी सोडावीशी वाटली.

निनाद शेवटच्या पायरीवर थांबला. "आई," तो म्हणाला, "ये तो तालाब है."

ताई सांगायला गेल्या. तराई हा शब्द निघाला, आणि त्यावरच खोकला आला. साधा नाही, भिंतीला हात टेकून वाकायला लावणारा. बोलायला तोंड उघडावं की पुन्हा उबळ. मी तराई समजावू लागले, पण समोर आई अशी वाकलेली असताना त्याला काँक्रीटचं शास्त्र ऐकायचं नव्हतं. तो त्यांना धरून वर घेऊन गेला, पलंगावर बसवलं, कूलर लावला, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाला की झालं, आता पुरे. तुम्ही प्रयत्न केलात. तिकीट मी दोघांचं काढतो. तो आठवडा त्याने रजा न घेता लॅपटॉपवर इथूनच काम करायचं ठरवलं होतं, तेवढ्यात बांधाबांध होईल.

ताईंनी वाद घातला नाही. पदराने डोळे पुसले, म्हणजे खोकल्याने आलेलं पाणी असेल, आणि विचारलं, "निनाद, खोकला तहखान्यामुळे आहे हे तू कशावरून म्हणतोस?"

"डॉक्टर ने कहा है, आई."

"डॉक्टरांनी विचारलं होतं. सांगितलं मी." त्या उठून बसल्या. "आपण बघू या ना. हवेतली बुरशी पकडायला खोलीखोलीत ताटली ठेवते. तहखान्याची ताटली सगळ्यांत वाईट निघाली तर मी एक शब्द न बोलता येते पुण्याला. घर विक."

निनादने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. लहानपणापासून या बाईच्या ताटल्या त्याला माहीत होत्या. तो हो म्हणाला. मला वाटतं, आईला हरायची एक सभ्य संधी द्यावी असा त्याचा विचार असावा.

दुपारी ताईंनी स्वयंपाकघरात बटाटे उकडले, त्याच्या पाण्यात साखर आणि चायना ग्रास घालून उकळलं आणि झाकणाच्या छोट्या काचेच्या ताटल्यांत ओतलं. थंड झाल्यावर ते इतकं छान थरथरलं की मी एकीत चमचा घालणारच होते. ताईंनी हातावर चापट मारली. हे जेवण बुरशीचं. ताटली खोलीत थोडा वेळ उघडी ठेवायची, हवेत जे काही तरंगत असेल ते तिच्यात उतरतं, मग झाकण लावून चार-पाच दिवस थांबायचं. जे उतरलं ते वाढून दिसतं.

मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, ताई, तहखान्यात आत्ता पाणी साठलंय, भिंती खरवडलेल्या आहेत, खोदलेल्या मातीची धूळ अजून बसायचीय. आत्ता ताटली ठेवलीत तर मरणार तुम्ही. फरशी वाळू द्या, एक महिना थांबा, मग ठेवा. त्या म्हणाल्या की मग ते ठरवून काढलेलं उत्तर होईल. मी म्हटलं, असू दे की ठरवून. आमच्या खात्यात निम्मी उत्तरं तशीच असतात. ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू ओला चमचा मीच घातलाय.

ताटल्या ठेवल्या गेल्या. तहखान्यात, स्वयंपाकघरात, ताईंच्या झोपायच्या खोलीत, बैठकीत. एक माझ्या घरातही ठेवली, तुलनेला. मला ते फारसं आवडलं नाही, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढचे दिवस विचित्र गेले. निनाद एका हाताने मीटिंगा करत होता आणि दुसऱ्या हाताने पुस्तकं खोक्यांत भरत होता. ताई त्याला भरू देत होत्या. तराईचं पाणी आटलं की तोच बादल्या घेऊन खाली जायचा, कारण राजाराम गावी आणि ताईंना बंदी. विकायचं घर असलं तरी फरशी तडकू नये असं त्याला वाटत असावं, किंवा आईने सांगितलं म्हणून. संध्याकाळी गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन जायच्या. बातमी कशी पसरली कोण जाणे. माझ्याकडे बघू नका. मिश्राइन आल्या, ताईंच्या शेजारी बसल्या, आणि जाताना निनादला म्हणाल्या की बेटा, पुण्यात तुमच्या मजल्यावर अजून कोण राहतं. निनादला सांगता आलं नाही.

गुरुवारी ताईंनी सगळ्या ताटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. माझी पहिली. त्यात चार-दोन ठिपके, त्यामुळे मी मान ताठ केली. स्वयंपाकघराची तशीच. बैठकीत थोडे जास्त. मग तहखान्याची. निनाद पुढे वाकला. ताईंनी झाकणावरूनच बोट फिरवत पाहिलं. ठिपके होते, हिरवे, पांढरे, एक गुलाबीसर. बैठकीपेक्षा जास्त, पण ताटली अर्धी रिकामी होती.

शेवटची झोपायच्या खोलीची. तिच्यात जागाच नव्हती. काळं, हिरवं, करडं, लोकरीसारखं, एकावर एक चढलेलं, कडेपर्यंत.

"अगं बाई, काय सुरेख आलंय," ताई म्हणाल्या. सवयीने. आणि मग त्यांचा हात तसाच ताटलीवर राहिला.

आम्ही तिघं त्या खोलीत गेलो. पलंग, कपाट, खिडकीत कूलर. निनादने कूलरची बाजू काढली. आत पाण्याने भिजणारी गवताची जाळी असते, ती त्याने उजेडाला धरली. गवत दिसतच नव्हतं. त्या जाळीतून येणारी गार हवा ताई एप्रिलअखेरीपासून रोज रात्रभर तोंडावर घेत होत्या. दुसऱ्याच्या लोणच्याची सगळी जन्मकथा विचारणारी बाई, पण स्वतःचा खोकला कधी सुरू झाला आणि कूलर कधी सुरू झाला, हे दोन दिवस त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

"जाळी यंदा बदलली नाहीत?" मी विचारलं.

ताई खोटं बोलत नाहीत, हे मी सांगितलंच आहे. म्हणाल्या, "बदलणार होते. पण काढली तेव्हा एका कोपऱ्यात जरा वेगळंच काहीतरी दिसलं. म्हटलं, राहू दे थोडे दिवस. पुढे काय रंग येतो बघू."

निनाद पलंगावर बसला. आधी त्याला हसू आलं, खूप, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू थांबलं आणि तो म्हणाला, "यही तो बात है, आई. तहखाना छोड़िए, आप जीत गईं. लेकिन आप अकेली रहेंगी तो यही करेंगी. आज कूलर में खेती, कल कहीं और."

मी कचऱ्याची पिशवी आणून पुढे धरली.

ताईंनी जाळी त्याच्या हातातून घेतली, कचऱ्याच्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. मग त्याच्या शेजारी बसल्या. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "मी हे करते. पुण्यातही करेन. फक्त तिथे मी खोकते हे तुला नऊ वाजता निघायच्या आधी कळेल, नाहीतर रात्री आल्यावर. इथे हिने पहिल्याच पहाटे भिंत ठोकून विचारलं होतं. मीच हिच्या फोडणीला नावं ठेवली. मला एकटं सोडायला तू घाबरतोस ना, निनाद? मग मला अकराव्या मजल्यावर नेऊ नकोस."

निनाद उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं रागावला. तासाभराने रिक्षातून नव्या जाळ्या घेऊन आला, कूलर अंगणात ओढला, साबणाने घासला, उन्हात पालथा करून ठेवला. मी मदतीला गेले तर म्हणाला, काकू, तुम्ही फक्त बघा. मी म्हटलं, तेच करतेय.

पुढच्या रविवारी राजाराम आला आणि तराई संपली असं त्याने जाहीर केलं. पाणी काढायचं होतं. फरशी पूर्ण सपाट, ढाळ नाही, त्यामुळे पाणी कुठेच जाईना. ताईंनी वरच्या पायरीवरून राजारामला विचारलं की ढाळ कशासाठी ते आता समजलं का. राजाराम ऐकू न आल्यासारखा बादली भरत राहिला. निनाद पँट गुडघ्यापर्यंत वर करून डबड्याने पाणी उपसत होता. ताईंचा खोकला गेला नव्हता, पण पहाटेचा बराच उतरला होता. भिंतीमुळे मला ते त्यांच्याही आधी कळतं.

पाणी उपसता उपसता निनादने मान वर न करता विचारलं, "श्रुती को क्या बोलूँ? उसने आपका कमरा पेंट करा लिया है."

"सांग, दिवाळीला येते," ताई म्हणाल्या. "पाहुणी म्हणून."

"पाहुणी कितने दिन की?"

"ते तुझ्या बायकोला विचार. आणि तो डावीकडचा कोपरा राहिला बघ, तिथे अजून पाणी आहे."